न भांडता घेतलेली बकरी

मी आजारी आहे हे सगळ्यात आधी रहीमचाचाला कळलं. रहीमचाचा डॉक्टर नाही. तो बकऱ्यांचा व्यापारी आहे, आणि मीही. वीस-बावीस वर्षं आठवडी बाजारात आम्ही दोघं एकमेकांशी भांडत आलो. त्या दिवशी त्याने एका काळ्या बकरीची किंमत सांगितली आणि मी कमरेची पिशवी सोडून तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

तो पैसे धरून तसाच उभा राहिला.

"कांताबाई, दात तो देखो."

"असतीन बराबर."

"अरे, एक बार बोलो तो सही की लंगडी है!"

"नाही चाचा. चांगली आहे बकरी."

आजूबाजूचे लोक आमचं भांडण ऐकायला नेहमीसारखे जमले होते. भांडणच नाही म्हटल्यावर ते पांगायला लागले. चाचाने मोजून काही नोटा परत माझ्या पिशवीत टाकल्या. "तबीयत बरी नाही तुमची," तो म्हणाला. "घरी जा. बकरी मी पोचवतो."

बकरी आली ती संध्याकाळी, आणि तिच्याबरोबर चाचाचा निरोप माझ्या भावजयीकडे, सुनंदाकडे गेला. त्या निरोपामुळे मी आज हे लिहू शकते आहे. पण त्याआधी माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. माझा आजार त्याच्यापासून सुरू होतो, आणि त्याचा आजार कुठून सुरू झाला हे मला अजून नीट माहीत नाही. ते शोधण्याची मला जी खोड लागली आहे, ती काही गोळ्यांनी गेलेली नाही.

रामेश्वर

मी मेडशीची. बाविसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून दोन बकऱ्या घेऊन माहेरी आले. आई नव्हती, वडील थकलेले, धाकटा भाऊ रामेश्वर बारा वर्षांचा. दोनाच्या दहा बकऱ्या केल्या, दहाच्या साठ. भावाला मी शिकवलं, धावायला लावलं, आणि एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत भरती झाला. कुणाचा उपकार नाही यात. जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर.

तोंडाचा जोर म्हणजे काय, ते बकऱ्यांच्या बाजारात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या धंद्यात खोड काढतात. विकणारा म्हणतो, जनावर सोन्यासारखं आहे. घेणाऱ्याने लगेच म्हणायचं, दात झिजलेत, खूर वाढलेत, पोट उतरलंय. खोड असो वा नसो, काढायचीच. त्याने किंमत सांगितली की हसायचं. तो दुखावला तर पाठ फिरवून दोन पावलं जायचं. मी यात इतकी तरबेज झाले की घरातही माझं तोंड तसंच चालायचं. सुनंदाने भाजी केली तरी पहिला घास घेऊन मी खोड काढणार, आणि मग दोन भाकरी जास्त खाणार.

सतरा वर्षांनी रामेश्वर निवृत्त होऊन आला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. उघडी जीप, गुलाल, डीजे. रस्त्यावर बायकांनी रांगोळ्या काढल्या होत्या. त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स मी स्वतः छापून घेतला, आणि फटाक्यांची सगळ्यात लांब लड मीच आणली. त्या दिवसाचा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात तो हसतो आहे. तो गेल्यानंतर मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून शंभरदा पाहिला, तेव्हा मला त्याचा डावा हात दिसला. जीपचा दांडा त्याने असा धरला आहे की बोटं पांढरी पडलीत. त्या दिवशी मी त्याच्यापासून चार हातांवर नाचत होते.

पावसाळ्यात तोच फ्लेक्स मी बकऱ्यांच्या शेडवर घातला, चित्र आतल्या बाजूला करून. चांगला जाड होता, वाया का घालवायचा? रामेश्वरने वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, सतरा वर्सं सरहद्दीवर होतो, आता बकऱ्यायवर पहारा दिला का मले?" आम्ही खूप हसलो. तो त्याचा शेवटचा विनोद नव्हता, पण मला लख्ख आठवणारा शेवटचा आहे.

तो सांगायला आला तो दिवस

तो बदलला होता हे आम्हाला दिसत होतं. दाराकडे तोंड केल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. पहाटे उठून अख्खं अंगण झाडायचा, झाडलेलं पुन्हा झाडायचा. एकदा रस्त्यावर ट्रॅक्टरचं टायर फुटलं, तर तो गव्हाणीमागे आडवा पडला. बाहेर उभी असलेली माणसं हसली. खरं लिहायचं म्हणून लिहिते, मीही हसले. वाशिमला त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि तीन महिन्यांत सोडली. मी महिनाभर त्याला त्यावरून बोलले.

एका सकाळी मी शेडमध्ये एका बकरीचे दात बघत होते. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"बाई."

"हं."

"मले झोप नाही लागून राह्यली."

"मले तरी कुठं लागते? गुडघे दुखतात."

"तसं नाही. डोक्यातलं काही बंदच होत नाही."

"हाताले काम नाही तुह्या. चार दिवस बकऱ्या चार, मंग पाह्य कशी झोप येते."

मी बकरीचा जबडा सोडला नव्हता.

"बाई, मले भेव वाटते."

"फौजी गडी तू! कायचं भेव? पेन्शन आहे, बायको सोन्यासारखी आहे, पोरगी वाशिमले शिकून राह्यली. कोणाले भेटते एवढं?"

तो हसला. "बराबर आहे तुहं," म्हणाला. उठला, बकऱ्यांना पाणी भरलं आणि गेला. मला वाटलं, चांगला धीर दिला मी त्याला.

त्याने तीन वेळा सांगितलं आणि मी तीन वेळा खोड काढली. दुःखाचीही मी किंमत पाडली. सवयीने पाडली, मनात काही वाईट नव्हतं, पण त्याला कुठे माहीत होतं ते? आणि माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. मी गप्प बसले असते तर त्याचं चौथं वाक्य काय असतं?

तेरा दिवस

दुसऱ्या वर्षी, तुरीची सोंगणी चालू असताना, रामेश्वरने आत्महत्या केली. कशी, ते मी लिहिणार नाही. अंगणात तेरा दिवस येऊन बसलेल्या माणसांनी मला फक्त तेवढंच विचारलं, आणि मी दोघांना हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. का, हे विचारणारं एकही माणूस नव्हतं. ज्या गावाने जीप काढली होती, त्या गावात त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणायचे. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

तेराव्यानंतर सुनंदाने त्याची फौजेतली काळी पेटी उघडली. तळाशी दवाखान्याचे कागद होते. निवृत्त होण्याआधी वर्षभर त्याच्यावर उपचार चालू होते. कशासाठी, ते माझ्यासारख्या दहावी झालेल्या बाईलाही वाचता आलं.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्यायनं शपथ घातली होती."

"कायले?"

सुनंदा कागदांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणे, बाईले सांगू नोको. बाई ह्याच्यातही खोड काढीन."

मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की नवरा गमावलेल्या बाईला त्याच्या मरणाचा दोष दिला. पुढचे आठ महिने, मध्ये एक भिंत असलेल्या दोन घरांत, आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

राग गेला तेव्हा

माझा आजार सुरू झाला तो राग जाण्यापासून. लोकांना वाटेल, बरं झालं की! पण मी रागावर जगलेली बाई. चहा पाणचट असला तर काही वाटेना. बकरी आजारी पडली तर काही वाटेना. पहाटे तीनला डोळा उघडायचा आणि उजाडेपर्यंत मी आढ्याकडे बघत राहायची. भाकर तोंडात मातीसारखी लागायची. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? अंगात ताप नव्हता, रक्त येत नव्हतं.

मग मी मनातल्या मनात बकऱ्या वाटायला लागले. ह्या दहा सुनंदाला, ह्या पाच रहीमचाचाच्या सुनेला, काळा बोकड देवाला. मला त्यात बरं वाटायचं. आता कळतं की तीच सगळ्यात धोक्याची खूण होती. तेव्हा ती मला व्यवस्थितपणा वाटत होती.

चाचाची बकरी आली त्या संध्याकाळी सुनंदा आठ महिन्यांनी माझ्या दारात उभी राहिली.

"उद्या अकोल्याले जायचं."

"कायले?"

"डॉक्टरकडं."

"मले काही नाही झालं. आणि गावात बोलू नोको."

"बोलीन," सुनंदा म्हणाली. "एकदा शपथ पाळली मी. आता कोणाचीच पाळत नाही."

किंमत वाढवून सांगितलेली नाही

सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि अकोल्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. दवाखान्यात मनाच्या आजारांची खोली शेवटच्या टोकाला होती. बाकावर बसलेली माणसं बघून मला नवल वाटलं. शेतकरी, एक मास्तर, एक नवी नवरी. वेडं म्हणावं असं त्यात कुणीच नव्हतं. माझ्या ओळखीचं कुणी निघू नये म्हणून मी पदर पुढे ओढला होता. आणि त्या मास्तरानेही तोंडावर वर्तमानपत्र धरलं होतं!

डॉक्टरीण वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान. तिने पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी म्हणाले, काही विशेष नाही. ती गप्प बसली. मी धंद्यातली बाई, समोरचा गप्प बसला की काय होतं ते मला माहीत आहे. तरी मीच आधी बोलले. झोप, भाकर, पहाट, सगळं. तिने त्यातल्या एकाही गोष्टीला "एवढंच ना?" म्हटलं नाही. सगळं लिहून घेतलं.

मग पेन तसंच धरून विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

"असं ईचारते का कोणी?"

"मी विचारते."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "बकऱ्या वाटून ठेवल्या मी," म्हणाले.

शेजारी बसलेल्या सुनंदाने माझं कोपर धरलं. ते तिने खोलीतून बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टरीण म्हणाली, हे नैराश्य आहे, आजार आहे, आणि बरा होतो. मी म्हणाले, आजार कायचा, भाऊ गेला माहा, दुःख आहे ते. ती म्हणाली, "दुःख आहेच. त्याच्यावर आजारही बसलाय. दुःख तुमच्याजवळ राहील. आजाराचं आपण बघू." मग भरती व्हायला सांगितलं.

"दोन दिवस राह्यतो," मी म्हणाले.

"दोन आठवडे तरी लागतील."

"पाच दिवस देते."

तिने पेन खाली ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, "मी किंमत वाढवून सांगितलेली नाही."

पंचवीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी भरती झाले.

वॉर्ड

सकाळी सहाला चहा, मग गोळी. गोळी गिळल्यावर सिस्टर तोंड उघडायला लावायची, जीभ वर, जीभ खाली. जन्मभर वय ओळखायला बकऱ्यांचे दात बघितले, आता माझे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला म्हणाले, "दोन दाती आहे का चार दाती, सांग बरं." तिला कळलं नाही. खाली चटईवर बसलेल्या सुनंदाला कळलं, आणि ती तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली.

गोळ्यांनी पहिले काही दिवस फक्त तोंड कोरडं पडलं. मला वाटलं, फसवलं. चौथ्या दिवशी मी घरी जायचं म्हणून कपडे भरले. सुनंदा दारात आडवी बसली आणि म्हणाली, "जा, माह्या अंगावरून जा." मी परत खाटेवर बसले.

डॉक्टरीण राउंडला आली की मी तिला प्रश्न विचारायची. बकरीचा ताप कानाला हात लावला की कळतो, मग हे बाहेरून का कळत नाही? ती म्हणाली, "कानाला हात लावायला जवळ जावं लागतं ना?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मी त्या सकाळी नीट ऐकलं असतं तर रामेश्वर वाचला असता का? ती लगेच "नाही, तुमची काही चूक नाही" असं म्हणाली नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "असं मरण एका सकाळमुळे, एका वाक्यामुळे येत नाही. पण ऐकलं असतं तर त्याला त्या दिवशी हलकं वाटलं असतं, एवढं मी सांगू शकते." हे उत्तर मी अजून उलटून पालटून बघते.

सुनंदाकडे रामेश्वरच्या फौजेतल्या एका सोबत्याचा नंबर होता, साताऱ्याकडचा माणूस. एका दुपारी दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून मी त्याला फोन केला. सांगितलं, मी रामेश्वरची बहीण.

"बकऱ्यावाल्या ताई?" तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. "तुमची नक्कल करायचा तो, ताई! बर्फात बसलेलो असायचो आम्ही, आणि हा एकाला बकरी करायचा, दुसऱ्याला व्यापारी. अख्खी पोस्ट लोळायची हसून."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, कशी करायचा? त्याने फोनवर करून दाखवली. रामेश्वरने केलेली माझी नक्कल, साताऱ्याच्या बोलीत. सुनंदाही कान लावून ऐकत होती. मग तो गंभीर झाला. म्हणाला, शेवटच्या वर्षी रामेश्वरला त्रास होता, गोळ्यांनी पुष्कळ बरा होता. घरी जायच्या आनंदात त्याने त्या आपल्या मनानेच बंद केल्या. "म्हणाला, आता घरीच चाललोय, घरी कशाला लागतात?"

ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे त्यांच्यासाठी हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नसते. घर हे औषध नाही. माझं घर तर नव्हतंच.

बाराव्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावर चहावाल्याने मला अर्धा पेला चहा दिला. मी त्याला म्हणाले, "हा चहा आहे का पेला धुतलेलं पाणी?" तो उलट बोलला, मी दुप्पट बोलले, चार माणसं जमली. मागे वळून बघते तर सुनंदा रडत होती. हसतही होती.

"काय झालं?"

"काही नाही, बाई. भांडा तुमी."

बकरीचा जबडा

घरी येऊन आता वर्ष होत आलं. गोळ्या चालू आहेत. रहीमचाचाशी भांडण चालू आहे, ती काळी बकरी लंगडीच होती असं मी त्याला दर बाजारी सांगते. फ्लेक्स अजून शेडवर आहे. कडा बकऱ्यांनी खाल्ल्या, चेहरा शाबूत आहे. काढायचा की नाही, मी ठरवलेलं नाही. सुनंदाची मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली, त्यापुढे त्यावर काही बोलली नाही. तिला लगेच विसरता यावं असं ते नव्हतंच.

परवाच्या सोमवारी सकाळी मी शेडमध्ये एका बकरीचे दात बघत होते. सुनंदा उंबऱ्यावर सुपात तूर निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "बाई, मले आजकाल जेवण जात नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सांगते काय होतं ते: पावसाळ्याचं कोणालेच जात नाही. पंचवीस वर्षांची जीभ आहे, दोन आठवड्यांच्या वॉर्डाने बदलत नाही.

मी बकरीचा जबडा सोडला. हात धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कवापासून?"

ती बोलायला लागली. मध्येच थांबली की मी गप्प बसायची. मग ती पुन्हा बोलायची. चौथं वाक्य आलं, दहावं आलं. ऊन उंबऱ्यावरून अंगणात उतरलं. तिचं सगळं सांगून झाल्यावर मी तिला तो प्रश्न विचारला, डॉक्टरणीने मला विचारला होता तसाच, सरळ. मरून जावं असं येते का मनात?

तिने सूप खाली ठेवलं.

"आज नाही," म्हणाली. "शनिवारी आलं होतं."

"बरं केलं सांगितलं. आज तू माह्याच घरी निज. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

"गावात बोलू नोका, बाई."

"बोलीन," मी म्हणाले.

मंगळवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरीण सवयीने माझा कागद काढायला लागली. मी म्हणाले, आज हिचा नंबर आहे. सुनंदा बोलली. मी तिचं कोपर धरून बसले होते. डॉक्टरणीने गोळ्या लिहिल्या, आठ दिवसांनी परत या म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली.

"मावशी, आज काही कमी करायचं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "हिनं सांगितलं तेवढं सगळं लिहा."